लग्नघर मोंबासाचं

“मला इथं सगळ्या जणी मामा का म्हणतायत गं?” आईनं माझ्या कानाशी लागून विचारलं.

समोर वीस-पंचवीस बायका चटयांवर बसलेल्या. कुणी कांदे चिरतेय, कुणी लसूण सोलतेय, कुणी नुसतीच गप्पा मारतेय. आणि जी आत येईल ती आईचा हात हातात घेऊन म्हणायची, “करिबू मामा, करिबू!”

मी तिला सांगितलं, स्वाहिली भाषेत मामा म्हणजे आई. बाबा म्हणजे बाबाच. पण दादा म्हणजे बहीण आणि काका म्हणजे भाऊ!

“म्हणजे इथं तुझ्या भावाला काका म्हणायचं नि तुला दादा?” आईनं कपाळाला हात लावला. “जाऊ दे बाई. आणि ते करिबू म्हणजे?”

“करिबू म्हणजे या, बसा.”

ही गोष्ट २०२३च्या डिसेंबरातली. तेव्हा आम्ही केनियातल्या मोंबासा शहरात राहत होतो. मोंबासा म्हणजे बेटावर वसलेलं जुनं बंदर. पोर्तुगीजांनी १५९३मध्ये बांधायला घेतलेला फोर्ट जीझस हा किल्ला, आणि त्याच्या पाठीमागे पसरलेलं जुनं शहर. नक्षीचे लाकडी दरवाजे, पुढे आलेले सज्जे, आणि गल्ल्या इतक्या अरुंद की समोरासमोरच्या खिडक्यांतून बायकांनी वाटीभर साखर एकमेकींना द्यावी. नारळी, फणस, दमट हवा, संध्याकाळी समुद्राकडून येणारं वारं. आमच्या राजापूरकडची आई तिथं उतरली आणि दुसऱ्याच दिवशी म्हणाली, “हे तर आपलंच आहे, फक्त माणसं वेगळी.” डिसेंबरात बाजार आंब्यांनी भरलेला बघून मात्र ती पार गोंधळली. तिथं आंब्याचा मोसम नोव्हेंबरपासूनच सुरू होतो. आंब्याला म्हणतात ‘एम्बे’.

स्वाहिली हा शब्दच मुळी अरबीतल्या ‘किनारे’ या अर्थाच्या शब्दावरून आलाय. किनाऱ्यावरची ही माणसं धर्मानं बहुतेक मुसलमान, भाषेनं आफ्रिकन. आणि शेकडो वर्षांच्या समुद्रावरच्या व्यापारामुळे अरबस्तान, इराण, हिंदुस्थान अशा सगळ्यांशी देणं-घेणं असलेली. डिसेंबर ते मार्च ‘कस्काझी’ नावाचा ईशान्येचा वारा वाहतो, त्या वाऱ्यावर शिडाची गलबतं आपल्याकडून तिकडे जायची. त्यांच्याबरोबर शब्दही फिरले. तिथं दुकान म्हणजे ‘दुका’, पैसा म्हणजे ‘पेसा’, गाडी म्हणजे ‘गारी’, गोणी म्हणजे ‘गुनिया’, आणि कांदा-टोमॅटोच्या कचुंबराला चक्क ‘कचुंबारी’!

आमच्या शेजारच्या बाई घरी शिवणकाम करायच्या. त्यांची माझी ओळख एका ब्लाउजमुळे झाली. साडीवरचा ब्लाउज त्यांनी जन्मात शिवला नव्हता, तरी ‘बघू दे’ म्हणत माझा एक जुना ब्लाउज उसवून त्यावर कापड बेतलं. पहिला इतका ढगळ झाला की आम्ही दोघी हसून हसून बेजार! पण तिसरा अगदी अंगाबरोबर बसला. तोवर आम्ही एकमेकींना ‘दादा’ म्हणायला लागलो होतो. त्यांच्या थोरल्या लेकीचं लग्न ठरलं तेव्हा मुलीची मावशी आणि आणखी एक पोक्त बाई अशा दोघी जणी घरी आमंत्रण द्यायला आल्या. आपल्याकडे अक्षत द्यायला येतात ना, अगदी तशा. “तुझ्या आईलाही घेऊन यायचं,” हे दोनदा सांगून गेल्या. (नाव मात्र कुणाचंच लिहायचं नाही, असं मला बजावलंय. म्हणून इथं सगळ्या नात्यांनीच भेटतील.)

त्या गेल्यावर आई म्हणाली, “तू जा. मी घरी थांबते. लग्नघरात मी कशाला?”

मैत्रिणींनो, हे ‘मी कशाला?’ आपल्यापैकी अनेकींनी ऐकलं असेल. बाबा २०२१मध्ये गेले. तेव्हापासून आईनं हळदीकुंकवाचं बोलावणं घेतलं नाही, कुणाची ओटी भरली नाही. तिला कुणी ‘येऊ नकोस’ म्हटलं होतं असं नाही. ती स्वतःच पाय मागे घ्यायची, आणि लोकांनाही ते सोयीचं वाटायचं. २०२२च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. ती बातमी वाचून आम्ही घरात टाळ्या वाजवल्या. आणि त्याच महिन्यात माझ्या चुलत बहिणीच्या मुलीची हळद होती, तेव्हा आई मागच्या पडवीत नारळ खोवत बसली होती. बाहेर उखाणे चालले होते. सवाष्णींच्या रांगेत मी होते, हातात हळदीची वाटी. आईला हाक मारावी असं मनात आलं होतं. मारली नाही. चारचौघींत कशाला विषय, असं वाटलं. खरं सांगायचं तर त्या दिवसाचं मला अजून टोचतं.

तर मोंबासात मी हट्ट धरला. “त्यांना वाईट वाटेल, दोनदा सांगून गेल्यात,” असं म्हटल्यावर आई निघाली. फिकट राखाडी साडी, हातात एकेक बांगडी.

दारात उभं राहून आधी ‘होडी!’ असं पुकारायचं आणि आतून ‘करिबू’ आल्यावरच उंबरा ओलांडायचा, ही तिथली रीत. आत गेलो. पोरींनी येऊन आईला ‘शिकामू’ म्हटलं. लहानांनी मोठ्यांना करायचा हा नमस्कार. त्याचा मूळ अर्थ सांगतात, ‘तुमचे पाय धरते’! आईनं ‘माराहाबा’ असं उत्तर द्यायचं होतं. ते पाठ होईपर्यंत तिनं चार-पाच जणींना ‘सुखी राहा’ असा आशीर्वाद देऊन टाकला. नवरीच्या आजीला मात्र तिनं स्वतःहून वाकून ‘शिकामू’ म्हटलं. म्हातारी खूश! आजीला मोंबासात ‘न्यान्या’ म्हणतात. टोमॅटोलाही न्यान्याच म्हणतात. ते का, हे मला कुणी नीट सांगितलं नाही.

तिथं एक म्हण आहे, की पाहुण्याला दोन दिवस पाहुणा समजा आणि तिसऱ्या दिवशी त्याच्या हातात कुदळ द्या. आमच्या बाबतीत दोन दिवस कसले, दोन तासही गेले नाहीत! भाताला, कालवणाला, गोडाला, सगळ्याला नारळाचं दूध लागणार होतं. कोपऱ्यात पन्नास-साठ नारळांचा ढीग. आणि दोन पोरी एका घडीच्या बुटक्या स्टुलावर बसून नारळ खवत होत्या. स्टुलाला पुढे लोखंडी दातेरी पातं. आईची नजर तिथंच खिळली.

“अगं, ही तर खोवणी!”

तिला तिथं म्हणतात ‘म्बुझी’, म्हणजे बकरी. का, तर पुढे आलेलं पातं बकरीच्या मुंडीसारखं दिसतं म्हणे. पोरींचा हात काही सरावाचा नव्हता. करवंटीचा काळा कीस खोबऱ्यात पडत होता. आईला राहवेना. पदर खोचला आणि बसली. पाच मिनिटांत पांढरंशुभ्र खोबरं परातीत पडायला लागलं, करवंटीचा कणसुद्धा नाही. बघायला बायका गोळा झाल्या. कुणीतरी आनंदानं जीभ टाळ्याला लावून उंच आवाजात ‘लुलुलुलु’ असा घोष केला. शुभकार्यात बायका असा आवाज काढतात, त्याला ‘विगेलेगेले’ म्हणतात. आई दचकली आणि मग लाजली. खवलेलं खोबरं ताडाच्या पातीच्या पिशवीत घालून पिळायचं, पहिलं दाट दूध वेगळं, मग पाणी घालून पातळ वेगळं. भाषा एक अक्षर कळत नसताना आई आणि तिथल्या बायका दूध किती दाट हवं यावर रीतसर वाद घालत होत्या.

दुपारी मोठ्या ताटाभोवती चौघी-चौघी बसून एकाच ताटात जेवायचं. आई मटण खात नाही हे कळल्यावर तिच्यासाठी नारळाच्या दुधातले तुरीचे दाणे आणि ‘महामरी’ आली. वेलदोडा आणि नारळाचं दूध घालून तळलेली, टम्म फुगलेली. “घारग्यासारखं आहे, पण मऊ,” असा आईचा अभिप्राय. चार खाल्ल्या तिनं.

जेवणं झाल्यावर सगळ्यांना एकाच छापाच्या ‘लेसो’ वाटल्या. लेसो म्हणजे कांगा, रंगीत सुती कापडाची जोडी. एक कमरेला, एक डोक्या-खांद्यावर. प्रत्येक लेसोवर खाली एक ओळ छापलेली असते, म्हण, आशीर्वाद नाहीतर टोमणा. शेजारणीशी बिनसलं तर तोंडानं भांडायचं नाही, योग्य ओळीची लेसो नेसून तिच्या दारावरून दोनदा जायचं, बस्स! या ओळी छापायची सुरुवात मोंबासातल्या कादरदिना हाजी एसाक या भारतीय वंशाच्या व्यापाऱ्यानं विसाव्या शतकाच्या आरंभी केली असं मानतात, आणि आजही कितीतरी लेसो भारतात छापून तिकडे जातात. आईनं साडीवरच लेसो गुंडाळली.

दुसरा दिवस ‘सिंगो’चा. सिंगो म्हणजे त्यांचं उटणं म्हणा ना. लवंग, गुलाब, सुगंधी लाकडाची पूड असं काय काय वाटून, गुलाबपाण्यात कालवून नवरीच्या अंगाला चोळतात. खोली लहान, खिडक्या बंद, आणि सुवास इतका दाट की डोळ्यांत यावा. मधोमध चटईवर नवरी बसलेली. तिच्या शेजारी तिची ‘सोमो’. ही बाई म्हणजे नवरीची गुरू. वयानं मोठी, जगाचा अनुभव असलेली. नवरीच्या अंघोळीपासून सगळं ती बघते, आणि नवरा-बायकोच्या सहवासाबद्दल मुलीला जे सांगायला आईची जीभ अडते, ते ती स्पष्ट शब्दांत सांगते. ते सांगणं बंद दाराआड असतं, तिथं आम्हाला प्रवेश नव्हता. पण ही सोय मला फार शहाणपणाची वाटली. आमच्या वेळी आम्हाला कुणी काय सांगितलं होतं? ‘जरा सांभाळून घे’ एवढंच!

सोमोनं एकेका मोठ्या बाईला पुढे बोलावलं. जी येईल ती चिमूटभर उटणं नवरीच्या हाताला चोळायची, काहीतरी पुटपुटायची. आणि सोमोनं आईकडे बोट केलं.

आईनं मान हलवली. मागे सरकली. सोमोनं पुन्हा खुणावलं. आई मला हळूच म्हणाली, “सांग तिला. मी चालणार नाही म्हणावं.”

मैत्रिणींनो, तेव्हाची माझी अवस्था काय सांगू! हे भाषांतर करायचं कसं? नाही म्हणायला माझी मोडकीतोडकी स्वाहिली होती. पण ‘चालणार नाही’ याला शब्द कुठून आणू? आणि शब्द मिळाला तरी तो माझ्या तोंडून जावा का? सगळ्या जणी माझ्याकडे बघत होत्या. शेवटी मी एवढंच म्हटलं, “नी म्जाने.” ती विधवा आहे.

सोमोनं माझ्याकडे बघितलं, काही चुकलं का अशा नजरेनं. मग म्हणाली, “हाता मिमी.” मीसुद्धा!

नंतर तिनं विचारलं, “एडा संपली ना?” एडा म्हणजे नवरा गेल्यावर पाळायचा काळ, चार महिने दहा दिवस. मी म्हटलं, केव्हाच. दोन वर्षं होऊन गेली.

“बासी!” सोमो म्हणाली.

स्वाहिलीत ‘बासी’ म्हणजे बस, झालं तर मग, पुढे काय! हा शब्द मला भाषांतरित करावा लागला नाही. आईला तो ‘बास’ असाच ऐकू आला. सोमोनं हात लांब करून आईला ओढून जवळ घेतलं, तिच्या तळव्यावर उटणं ठेवलं. आईनं एकदा माझ्याकडे बघितलं. आणि मग तिनं त्या मुलीच्या दंडाला, कोपराला, मनगटाला उटणं चोळलं. चिमूटभर नाही, चांगलं हातभर. आपण नहाण घालताना चोळतो तसं, खालून वर. मुलगी डोळे मिटून बसली होती. आई मराठीतच म्हणाली, “सुखाचा संसार कर गं बाय.” कुणीतरी ‘आमीन’ म्हटलं.

मी बाहेर गॅलरीत येऊन उभी राहिले. डोळे पुसले. आत वास फार होता, असं नंतर सांगितलं.

संध्याकाळी मेंदी. नवरीच्या हातापायांवर बारीक वेलबुट्टी, आणि म्हाताऱ्या बायकांच्या बोटांची टोकं नुसती रंगवलेली. आईच्या बोटांनाही लावली. रात्री घरी येऊन ती मला विचारते, “हे किती दिवस राहतं?” मी म्हटलं, हातावर पंधरा दिवस, नखांवर महिना-दोन महिने. ती मोरीत जाऊन साबणानं घासून आली. पण रंग धरला होता.

निकाह मशिदीत लागतो. तिथं फक्त पुरुष, नवरीसुद्धा जात नाही. त्याआधी वडील घरी येऊन मुलीला विचारतात, कबूल आहे का. आम्ही सगळ्या पलीकडच्या खोलीत श्वास रोखून. मुलगी लवकर बोलेना. आजीनं दाराआडूनच काहीतरी दटावलं, तेव्हा ‘न्दियो’ आलं, हो! महर किती आणि काय हवी, तेही तिनंच सांगितलं होतं. ती नवऱ्यानं नवरीलाच द्यायची असते, तिच्या बापाला नाही. आकडा विचारायचा मोह मी आवरला. थोड्या वेळानं मशिदीतून फोन आला आणि घर विगेलेगेलेनं दणाणून गेलं. तिकडे पुरुषांना हलवा आणि छोट्या पेल्यांतून कडक बिनदुधाची कॉफी. इकडे नवरदेव आला, तर पोरींनी दार अडवून धरलं. पैसे टाक मगच आत! आपल्या करवल्यांची आठवण आली.

आणि मला सगळ्यात नवल वाटलं ते यापुढचं. नवरी कुठंच गेली नाही! नवरदेव तिच्या घरी आला. सात दिवस तो तिथंच राहणार, त्याला ‘फुंगाटे’ म्हणतात. दोघांना खोलीतच जेवण पोहोचवायचं, कामाला हात लावू द्यायचा नाही. पाठवणी, रडारड, काही नाही.

“घरजावई?” आईनं डोळे मोठे केले.

“सात दिवसांपुरता. मग दोन गल्ल्या सोडून भाड्याच्या घरात जाणार आहेत.”

आजी मूळची लामू बेटावरची. तिनं सांगितलं, की तिकडच्या जुन्या खानदानी घरांत मुलीचं लग्न ठरलं की बाप तिच्यासाठी घर बांधायचा, नाहीतर आपल्याच घरावर मजला चढवायचा. जावई तिथं राहायला यायचा. आजीलाही वडिलांनी असंच घर दिलं होतं. तिची दोन लग्नं झाली. पहिलं मोडलं, दुसऱ्यात सवत होती. “नवरा आला, नवरा गेला. घर माझंच राहिलं,” असं म्हणून ती दात नसलेलं तोंड उघडून हसली. सवतीबद्दल बोलताना मात्र हसली नाही. तेव्हा तिथं सगळं गोडच आहे असं कुणी समजू नका. एडाही काही सोपी नसते. पांढरे कपडे, अत्तर नाही, मेंदी नाही, घराबाहेर पडायचं नाही. शेजारीण म्हणाली, तिच्या बहिणीला त्या चार महिन्यांत भिंती खायला उठायच्या. पण त्याला शेवटची तारीख असते. ती तारीख सरली की बाई अंघोळ करून, चांगलंचुंगलं नेसून बाहेर पडते, आणि मनात आलं तर दुसरं लग्नही करते.

आणखी एक. खर्च! प्रत्येक दिवसाचे कपडे वेगळे, जेवणावळी वेगळ्या, सोनं वेगळं. शेजारणीनं बायकांच्या भिशीत (तिथं ‘चामा’ म्हणतात) दोन वर्षं पैसे भरले होते आणि आपला नंबर मुद्दाम लग्नाच्या महिन्यात मागून घेतला होता. तरी उधारी झालीच. “लोक काय म्हणतील,” ती म्हणाली. हे वाक्यही मला भाषांतरित करावं लागलं नाही. मी तिला कपाळावर आठ्या घालून म्हटलं, एवढं कशाला? तर म्हणाली, “तुझ्या लग्नात तुझ्या वडिलांनी केलं नव्हतं?” मी गप्प.

शेवटची रात्र ‘कुपांबा’ची, म्हणजे नटलेली नवरी दाखवायची. फक्त बायका. दारात फोन जमा करून घेतले, फोटो काढायचे नाहीत. आत गेल्यावर काळे बुईबुई उतरले आणि आतून काय निघालं म्हणता! जरी, टिकल्या, सॅटिन, उघडे खांदे, रंगवलेले ओठ. रस्त्यात ओळखू न येणाऱ्या बायका तिथं सिनेमातल्यासारख्या दिसत होत्या. दाराशी ऊद जळत होता, धूर पदरात आणि केसांत घ्यायचा. प्रत्येकीच्या छातीशी मोगऱ्यासारख्या फुलांचा झुपका टाचत होते. त्यात तुळशीच्या जातीची हिरवी पानं. आईनं चुरगळून वास घेतला, “सब्जा आहे गं हा!”

आणि दारात गुलाबपाणी शिंपडायला कोण उभं असावं? सोमोनं लांब मानेची चांदीची गुलाबदाणी आईच्या हातात दिली आणि स्वतः दुसरी घेतली. राखाडी साडी, लालभडक बोटं, हातात गुलाबदाणी. येणारी प्रत्येक बाई आईपुढे तळहात धरत होती. ‘करिबू’ म्हणायला आई एव्हाना शिकली होती. पाहुणी म्हणून आलेली माझी आई मोंबासाच्या लग्नघरात आल्यागेल्याचं स्वागत करत होती!

मग ‘ताराब’ची गाणी सुरू झाली. या गाण्यांचा आपल्याशी जुना संबंध आहे. झांझिबारची गायिका सिती बिंती साद १९२८मध्ये मुंबईला आली आणि तिथं तिच्या गाण्यांच्या तबकड्या निघाल्या. ध्वनिमुद्रण झालेली ती पूर्व आफ्रिकेतली पहिली गायिका. आणि मोंबासाचे जुमा भालो तर हिंदी सिनेमांच्या चालींवर स्वाहिली शब्द गाण्याबद्दलच प्रसिद्ध होते. २०१४मध्ये ते वारले, गाणी लग्नांतून अजून चालतात. त्या रात्री गायिकेनं एक चाल धरली आणि आई एकदम सावरून बसली. “अगं, हे तर रेडिओवर लागायचं! शब्द काय म्हणतेय ही?” शब्द कुठले कळायला. पण चाल तीच होती. ओळ मनाला भिडली की बायका उठून, ठेक्यावर पावलं टाकत जाऊन गायिकेच्या हातात नोट देतात.

आईनं माझ्यापुढे हात केला. “पन्नासची दे.”

नाचली वगैरे नाही हं. सरळ चालत गेली, नोट दिली, नमस्कार केला आणि परत आली. पण गेली!

नवरी आली तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. फुलांच्या मखरात बसवली, नजर खाली. बायका रांगेनं जाऊन बघत होत्या. आईनं तिच्या गालांवरून बोटं फिरवून कडाकड मोडली. आजूबाजूच्या जणींना त्याचं फार नवल वाटलं. मग दोन म्हाताऱ्यांनीही तसंच केलं, त्यांची काही मोडली नाहीत.

आई दहा जानेवारीला परत गेली. शेजारणीनं तिला एक म्बुझी भेट दिली. पातं धारदार, म्हणून हातातल्या सामानात नेता येईना. चादरीत गुंडाळून मोठ्या बॅगेत घातली.

संक्रांत झाली आणि आठवड्याभरानं मी फोन केला. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. मग ती म्हणाली, “शेजारी हळदीकुंकू होतं काल.”

“मग?”

“नारळ खोवून द्याल का म्हणून बोलवायला आली होती. ती तुमची बकरी घेऊन गेले. बघायला सगळ्या जमल्या.”

“आणि?”

“बोटांना काय झालं म्हणून विचारलं त्यांनी. म्हटलं, लग्नाला गेले होते.”

मी काही बोलले नाही. तीच पुढे म्हणाली, “मग बसले तिथंच. वाण घेतलं. स्टीलचा डबा आहे, झाकण जरा घट्ट बसतंय.”